शेजारच्या हाताशी शर्यत

एकदा एका निवृत्त सुभेदारांनी आपल्या शिष्याची उत्तरपत्रिका न तपासताच फाडून टाकली, तेव्हाची ही गोष्ट.

सुभेदारांना सारा गाव आबा म्हणे. सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांना ते पहाटे पळवत आणि दुपारी लेखी परीक्षेचा सराव करून घेत. संपत त्यांचा जुना शिष्य. पळण्यात त्याचा कोणी हात धरत नसे. पण लेखी परीक्षेत पात्रतेच्या गुणांपाशी त्याचे घोडे दोनदा अडले होते. वयोमर्यादा संपत आली होती. ही भरती हुकली, की गणवेश कायमचा हुकला.

त्यातच त्या वर्षी रणजित नावाचा कोवळा मुलगा आला आणि पहिल्याच सरावात सर्वांच्या वर गुण घेऊन बसला. संपतच्या पोटात दुखू लागले. मत्सर माणसाला आळशी मुळीच ठेवत नाही, फक्त भलत्याच कामाला लावतो. संपत प्रश्नांकडे कमी आणि रणजितच्या हाताकडे जास्त पाहू लागला. उत्तरे चोरण्यासाठी नव्हे. तेवढा तो मानी होता. रणजितने उत्तरपत्रिकेवर उत्तरांचे किती गोल काळे केले, एवढेच तो पाही आणि आपण मागे पडलो असे वाटले, की न येणाऱ्या प्रश्नांचेही गोल भरून टाकी. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात, त्यामुळे कमावलेलेही हातचे जात. आबांनी समजावले, प्रसंगी रागावलेही. संपत मान डोलावी आणि मनात म्हणे, ‘तो लाडका ना, मग बोलणी मलाच बसणार.’

परीक्षा तोंडावर आली. शेवटच्या सरावाला आबांनी दोघांना एकाच बाकावर बसवले. त्या दिवशी रणजितचा हात सुसाट चालला होता. संपतच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने उरलेले सगळे गोल अंदाजाने भरले. आबांनी त्याची उत्तरपत्रिका तपासली; तो पात्रतेच्या खाली घसरला होता. मग त्यांनी रणजितची उत्तरपत्रिका घेतली आणि न पाहता टराटरा फाडली.

संपतला आधी बरेच वाटले आणि ते तोंडावर दिसलेही. मग तो चक्रावला.

“आबा, त्याचा पेपर का फाडला?”

“त्यात तपासण्याजोगं काही नव्हतं,” आबा म्हणाले. “प्रश्न वाचू नको, नुसते गोल भरत जा, असं मीच त्याला सांगितलं होतं. आता तू सांग, तासभर तू शर्यत कुणाशी लावली होतीस?”

संपतने रणजितकडे पाहिले. तो अवघडून खाली बघत होता.

“तू त्याच्याकडे बघून गोल भरत सुटलास, त्याआधीची तुझी उत्तरं मी वेगळी मोजली,” आबा शांतपणे म्हणाले. “तेवढीच लिहून उठला असतास, तर पास होतास. यादीत वर कोण, खाली कोण, ते नंतर. आधी उंबरा तर ओलांड. फौजेनं तुझ्याकडून ठराविक गुण मागितलेत, पोरा. रणजितला हरव, असं कुणी मागितलंय?”

“लई जळत होतो आबा मी ह्याच्यावर,” संपत म्हणाला.

“ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक आहे.”

परीक्षेच्या दिवशी संपतने येतील तेवढेच प्रश्न सोडवले, बाकीचे गोल कोरे ठेवले आणि पेन खाली ठेवले. संध्याकाळी आबांनी एकच प्रश्न विचारला, “शेजारी कोण बसलं होतं रे?”

संपतने खूप आठवून पाहिले. त्याला सांगता येईना.