घंटीवरचा रावजी

घंटी वाजता वाजता खोकली.

शलाका दचकली. तिने फोन कानापासून लांब धरून पाहिला, पुन्हा कानाला लावला. "ट्रिंग ट्रिंग," घंटी म्हणाली, आणि मग तिने घसा खाकरला.

त्याचं असं होतं. डोंगरातल्या पिंपळदऱ्यात रावजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. इतका भोळा, की 'जरा दाराकडे बघ' म्हटलं तर जेवायला न जाता दाराकडे बघत बसायचा. पिंपळदऱ्यात मोबाइलला रेंज नाही. म्हणून पंचायतीच्या कचेरीत इंटरनेटवरचा फोन बसवला. बसवायला आलेल्या साहेबांनी गाव गोळा करून समजावलं, "या फोनवर बोलण्याची वाट वेगळी आणि बोलावण्याची वाट वेगळी. आधी आमंत्रण जातं. मग घंटी वाजते, ती फोन करणाऱ्यालाही ऐकू येते. मग होकार येतो. होकार आल्याशिवाय आवाजाला वाट मिळत नाही. शहरात हे सगळं यंत्रं आपसांत उरकतात."

पण इथे घरोघरी फोन कुठे होते? गावात फोन एकच. तेव्हा माणसं बोलावून आणायचं काम रावजीला दिलं. साहेब म्हणाले, "बोलणं यंत्र नेईल. तू फक्त बोलावणं करायचं. आतल्या मजकुराला हात लावायचा नाही."

"न्हाई लावत," रावजी म्हणाला, आणि त्याने दोन्ही हात खिशात घातले.

शलाका सातारच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. त्या सकाळी गावाकडून दूध घेऊन आलेल्या माणसाने तिला सहज सांगितलं, "आज तुझी सुपारी फुटायची हाय. पाव्हणे वाटेतच भेटले." लग्न तिचं, आणि बातमी दुधासोबत आली. मुलाकडच्यांची अट एकच, लग्नानंतर कॉलेज बंद. हे थांबवू शकेल अशी घरात फक्त आई. आई अडून बसली की वडिलांचं, अण्णांचं, काही चालत नसे. म्हणून शलाकाने फोन लावला, आणि घंटी खोकली.

"रावजीदादा," तिने घाबरत विचारलं, "तुम्हीच वाजताय का?"

"व्हय ताई. फोन करणाऱ्याला घंटी ऐकू आली पायजे. साहेबांनी सांगितलंय."

"मग आईला बोलवायला कोण गेलंय?"

"कोण जाणार? मी तर घंटीवर हाय."

"अहो, माझ्या कानात कशाला वाजता? आईच्या दारात जाऊन वाजा!"

"बरं ताई."

रावजी धावला. शलाकाच्या दारात उभा राहिला आणि वाजला. "ट्रिंग ट्रिंग."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "काय रं रावजी? कुणाचा फोन?"

मजकुराला हात लावायचा नव्हता. रावजीने खिशातले हात आणखी खोल घातले. "ट्रिंग ट्रिंग."

"पोराला भूक लागलीया जणू," आई म्हणाली. पाव्हण्यांसाठी पोहे झालेच होते. रावजीने वाजता वाजता बशी संपवली आणि परत आला.

"आई आली?" शलाकाने विचारलं.

"न्हाई. पोहे आले."

शलाकाने घड्याळाकडे पाहिलं. "दादा, नुसतं वाजू नका हो! माझं नाव सांगा. शलाकाचा फोन आहे, चला, असं म्हणा. आणि होकार घेतल्याशिवाय परत येऊ नका."

"बरं ताई."

रावजी पुन्हा धावला. आत पाव्हण्यांचा गलका चालला होता. अंगणातून तो ओरडला, "शलाकाचा फोन हाय, चला!" आत कुणाला ऐकू गेलं नाही. अंगणात म्हैस बांधलेली होती. तिने माशा उडवायला मान हलवली. वर, खाली. होकार मिळाला. रावजीने दावं सोडलं.

शलाकाला फोनवर जड श्वास ऐकू आला.

"आई!" तिला रडूच फुटलं. "आई, ऐक ना. मला हे लग्न नको. मला परीक्षा द्यायची आहे. तू अण्णांना सांग ना!"

पलीकडून लांबलचक हंबरणं आलं.

"आई, तुझा आवाज का बसलाय? रावजीदादा, कोण आहे तिथे?"

"म्हस. तुमच्याच घरची. लगीच व्हय म्हनाली."

"माणूस आणा, दादा, माणूस! आत शिरा. आईलाच आणा. ती विचारेल, शलाकाचा का? तर हो म्हणा. ऐकू गेलं नाही तर ऐकू जाईपर्यंत हो म्हणत राहा. आणि आईशिवाय येऊ नका, तुमच्या पाया पडते!"

"बरं ताई."

तिकडे घरात तबक मांडलं होतं, पण सुपारी फुटत नव्हती. शलाकाची आई आधीच अडून बसली होती. "माझ्या लेकीचा व्हकार येऊ द्या. त्याबिगर न्हाई."

"पोरींना कोण इचारतं, विहीनबाई?" मुलाची आई म्हणाली. "आमाला कुणी इचारलं हुतं?"

अण्णा आढ्याकडे बघत होते. इतक्यात धापा टाकत रावजी आत शिरला. गावातला फोन रावजी सांभाळतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णा ताडकन उठले.

"शलाकाचा व्हकार आला का रं?"

"व्हय," रावजी म्हणाला.

"काय म्हनालास?" आईने विचारलं.

हिला ऐकू गेलं नाही, रावजीला वाटलं. "व्हय! व्हय! व्हय! व्हय!"

"आरं, एवढ्यांदा तर आमच्या पोरानंबी म्हनलं न्हाई!" मुलाचा बाप हसला, आणि सुपारी फुटली. एवढ्या माणसांत पोरीला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते रावजीला, आणि त्याचं मात्र सगळ्यांना पटलं.

शलाकाची आई भिंतीला टेकून बसली, ती उठेना.

"शलाकाची आई फोनवर चला," रावजीने हाक दिली. "आईशिवाय जायचं न्हाई मला."

"त्यांना बसू द्या जरा," मुलाची आई पदर सावरत उठली. "आता मीबी आईच की."

सातारला शलाकाने फोन दोन्ही हातांनी धरला होता. कुणीतरी खुर्ची ओढली. बांगड्या वाजल्या.

"हॅलो? आई? आई, तूच ना?"

"व्हय गं," खणखणीत आवाज आला. "आजपासनं मीच. बोल, सूनबाई."