दालनातला बांध

ऐका मंडळी. गोष्ट फार जुनी आहे, पण ऐकून कुणाला झोप लागायची नाही.

एका राजाच्या महालात मसलतीचं दालन होतं. तिथला रिवाज असा, की आत ज्याचं नाव निघेल ते सेवकांनी आधी दालनातच शोधायचं. आत नसेल तरच बाहेर धावायचं. राजा "तलवार" म्हणाला, की भिंतीवरची काढून द्यायची. "सेनापती" म्हणाला, की छावणी गाठायची. पिढ्यान्‌पिढ्या हे बिनबोभाट चाललं होतं.

मग या राजाला हौस आली. त्याने दालनात आपलं अख्खं राज्य मातीचं करून घेतलं. डोंगर, तळी, गावं, आणि नावंही तीच.

प्रधान म्हणाला, "महाराज, नावं तरी वेगळी ठेवा. घोटाळा होईल."

राजा हसला. "प्रधानजी, माती कुठली नि गाव कुठलं, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं!"

त्या उन्हाळ्यात आंबेवळणची ठकूबाई दालनात आली. "महाराज, आमच्या तळ्याच्या बांधाला तडा गेलाय. पावसाआधी बुजवला नाही तर गाव वाहून जाईल. लेक बाळंतपणाला आलीय माझी. तिला घेऊन कुठं जाऊ?"

राजा खरोखर हळहळला. "आंबेवळणचा बांध आजच्या आज पक्का करा!"

ठकूबाईने आनंदाने गाव गाठलं. बिऱ्हाड बांधून निघालेल्यांनाही तिने थांबवलं. "आता कशाला भ्यायचं? राजाचा शब्द आहे!"

इकडे सेवकांनी दालनात पाहिलं. आंबेवळण समोरच होतं. मातीच्या बांधाला त्यांनी चुना लावला, वर खडे बसवले. राजाला वाटलं, बाहेरचा झाला म्हणून यांनी आतलाही केला. त्याने विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही.

आषाढात बांध फुटला. गाव गेलं. ठकूबाईची लेक गेली, कुशीतलं तान्हंही गेलं.

म्हातारी पुन्हा दालनात उभी राहिली, तेव्हा राजा सेवकांवर कडाडला, "मेल्यांनो, बांध पक्का करा म्हटलं होतं ना?"

"केला की, महाराज," म्हणत त्यांनी बोट दाखवलं. ते खोटं बोलत नव्हते, हेच तर वाईट.

ठकूबाईने ते मातीचं आंबेवळण पाहिलं. सगळी घरं जागच्या जागी होती.

"तुमचं गाव वाचलं, महाराज," ती म्हणाली. "बुडालं ते माझं."

राजाने त्याच दिवशी मातीचं राज्य फोडून टाकलं. पण आता फोडून काय उपयोग?

तात्पर्य: आतल्या नकलेला बाहेरच्या खऱ्याचं नाव देऊ नये, नाहीतर हुकूम नकलेवर खर्ची पडतो आणि मरण खऱ्याच्या वाट्याला येतं.