धुक्यातली घंटा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नावही आता कोणाला आठवत नाही. त्या राज्यात डोंगरांच्या कुशीत एक मोठे तळे होते. तळ्याच्या या काठाला गाव आणि त्या काठाला बाजार. वर्षातले चार महिने तळ्यावर सकाळचे धुके उतरायचे. ते उतरले की पाणी दिसायचे नाही, आकाश दिसायचे नाही, नावेत बसलेल्याला स्वतःचे पाय दिसायचे नाहीत. आपण पाण्यावर आहोत की ढगात, हेही कळायचे नाही.

तळ्याच्या मधोमध काळ्या खडकांची एक रांग होती. पाण्याच्या जेमतेम वर आलेली. उन्हात ती साधी दिसायची, पण धुक्यात तिने कितीतरी नावा फोडल्या होत्या.

म्हणून गावच्या टेकडीवर एक घंटा टांगलेली होती, आणि त्या घंटेपाशी सोनबा नावाचा म्हातारा बसायचा.

सोनबाची रीत सगळ्या नावाड्यांना पाठ होती. धुक्यात गेलेला नावाडी आपले शिंग फुंकायचा. सोनबा कान देऊन ऐकायचा, नाव कुठवर आली याचा अंदाज घ्यायचा आणि घंटेने उत्तर द्यायचा. एक टोला म्हणजे सरळ ये. दोन म्हणजे डावीकडे वळ. तीन म्हणजे उजवीकडे. प्रत्येकाच्या शिंगाचा आवाज त्याला माणसाच्या आवाजासारखा ओळखू यायचा. शेवटची नाव काठाला लागेपर्यंत तो घंटेचा दोर सोडायचा नाही. त्याबद्दल दर सुगीला प्रत्येक नावाडी त्याला टोपलीभर भात द्यायचा.

या नावाड्यांमध्ये हौसा नावाची एक बाई होती. नवरा गेल्यावर तिने त्याची वल्ही हाती घेतली होती. रोज पहाट फुटली की ती गावचे दूध बाजाराला न्यायची आणि धुके असतानाच परतायची. पांढऱ्या, मऊ, आवाज नसलेल्या त्या जगात ती शिंग फुंकायची आणि दुरून, जणू झोपेतून कोणी हाक मारावी तसा, टोला यायचा. मग हौसा डोळे मिटूनसुद्धा वल्हे मारायची. धुक्यात डोळे उघडे ठेवून तरी काय दिसणार होते?

सोनबा थकला. त्याचे गुडघे दुखायचे, दोर झिजला होता, घंटेला बारीक चीर गेली होती. त्याच्यामागे ते काम करणारे कोणी नव्हते. अशात दूरच्या शहरातून एक शेठ आला. त्याने सहा तळ्यांवरच्या घंटा विकत घेतल्या होत्या आणि ही सातवी त्याला हवी होती.

सोनबाने घंटा विकली. हौसाला तो म्हणाला, "पोरी, त्यांच्याकडे माणसं आहेत, पैसा आहे. माझ्यानंतर घंटा मुकी राहण्यापेक्षा हे बरं."

शेठने सगळ्या नावाड्यांना काठावर बोलावले. गूळ वाटला. हात जोडून म्हणाला, "टेकडी तीच, घंटा तीच, सोनबाही इथेच. तुमच्या दृष्टीनं काहीएक बदललेलं नाही. झालं तर चांगलंच होईल."

आणि पहिल्या वर्षी खरेच चांगले झाले. नवा दोर आला. घंटेची चीर सांधली गेली. सोनबाला बसायला छप्पर मिळाले. हौसाने त्या सुगीला आपली टोपली शीग लावून भरली.

दुसऱ्या वर्षी शेठने सोनबाला मानाने निरोप दिला. तो लेकीच्या गावी गेला. त्याच्या जागी सपाट मुलखातला एक तरुण रखवालदार आला आणि घंटेशेजारी एक फळी लागली. फळीवर लिहिले होते : दर घटकेला बारा टोले. सातही तळ्यांवर हीच रीत.

त्या हंगामातल्या पहिल्या धुक्यात हौसाने शिंग फुंकले. उत्तर आले नाही. ती थांबली, पुन्हा फुंकले. काहीच नाही. मग बऱ्याच वेळाने बारा टोले पडले, खणखणीत, सुरेल, एकसारखे. ते धुक्यात चहूकडे पसरले आणि कुठून आले तेच तिला कळेना. ती वल्ह्याने पाणी चाचपत कशीबशी काठाला लागली आणि तशीच टेकडी चढली.

"दादा, मी शिंग फुंकलं. ऐकू नाही आलं का?"

"आलं की," रखवालदार म्हणाला. तो स्वभावाने वाईट नव्हता. "पण बाई, उत्तर द्यायचं काम मला सांगितलेलं नाही. बारा टोले द्यायचे, तेवढे देतो. एकही कमी देत नाही."

"पण मग आम्ही वाट कशी शोधायची?"

"तुमचं म्हणणं वर कळवतो."

त्याने कळवले. महिन्याभराने शहरातून निरोप आला : शेठजींना तुमची आठवण आहे, लोभ असावा.

त्यानंतर आठ दिवसांनी लुमाजी नावाड्याची नाव खडकावर आदळली. लुमाजी गावातला सगळ्यात जाणता नावाडी, हौसाच्या नवऱ्याचा जोडीदार. नावेत पाच माणसे होती आणि एक शेळी. आरडाओरडा ऐकून हौसाने नाव वळवली आणि हाका येतील तिकडे वल्हे मारत गेली. माणसे तिने एकेक करून ओढून घेतली. शेळी वाहून गेली. लुमाजीची नाव, त्याच्या बापाने स्वतः रंधा मारून घडवलेली, तळाशी गेली.

ओले कपडे पिळत लुमाजी काठावर बसला. तो ओरडला नाही की कोणाला शिव्या दिल्या नाहीत. एवढेच म्हणाला, "चुकलं माझं. घंटा वाजली म्हणून मी निघालो."

त्या दिवसापासून धुक्यात नाव घालणे सगळ्यांनीच सोडले. भांडण झाले नाही, पंचायत बसली नाही. नावाडी काठावर गुडघ्यांना मिठी मारून बसायचे आणि ऊन वर येण्याची वाट बघायचे. तोवर बाजार अर्धा उठलेला असायचा. हौसाचे दूध नासायचे. आणि टेकडीवर, कोणीही पाण्यात नसताना, दर घटकेला बारा टोले पडत राहायचे.

सुगीला एकही टोपली टेकडीवर गेली नाही.

शेठला कोडे पडले. त्याला वाटले, आवाजच कमी पडत असेल. त्याने पंचधातूची दुप्पट मोठी घंटा ओतवून टेकडीवर पाठवली. मग काय चालले आहे ते बघायला स्वतःच निघाला आणि बाजाराच्या काठावर हौसाच्या नावेत बसला. ऊन आले होते. हौसाने नाव लोटली. पण तळ्याच्या मध्यावर गेल्यावर वारा पडला आणि पाण्यातूनच वर आल्यासारखे धुके पुन्हा दाटले.

हौसाने वल्ही आत घेतली आणि नांगर सोडला.

सगळे पांढरे झाले. नावेच्या कडेला पाणी हलकेच चुबुकचुबुक वाजत होते, तेवढाच आवाज. तेवढ्यात नवी घंटा वाजू लागली. फार गोड आवाज होता तिचा. धुके आतून उजळल्यासारखे वाटले.

"बाई, चला की," शेठ म्हणाला. "घंटा वाजतेय."

"वाजतेय."

"मग थांबलात का? ती माझी घंटा आहे."

"म्हणूनच थांबलेय, शेठजी."

शेठचा चेहरा उतरला. हौसाने शिंग त्याच्या हातात दिले. "तुम्हीच विचारा तिला, कुठं वळू म्हणून."

शेठने शिंग फुंकले. पहिल्यांदा नुसतीच हवा गेली, मग आवाज निघाला. तो कान टवकारून बसला. उत्तर नाही. त्याने पुन्हा फुंकले, पुन्हा, अगदी छाती दुखेपर्यंत. बऱ्याच वेळाने बारा टोले पडले. त्याने काय विचारले होते, याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. इतकी वर्षे त्याने घंटा विकत घेतल्या होत्या, पण त्यांच्या आवाजाची वाट बघत पाण्यावर तो कधी बसला नव्हता.

"सोनबा काय करायचा?" त्याने हळूच विचारले.

"ऐकायचा," हौसा म्हणाली.

दोन प्रहर दोघे त्या पांढऱ्या शांततेत बसून राहिले. धुके विरले तेव्हा शेठने पाहिले, काळा खडक नावेपासून एका वल्ह्यावर होता.

काठाला लागताच तो टेकडीवर गेला. फळी त्याने आपल्या हाताने उतरवली. मग लेकीच्या गावी जाऊन सोनबाच्या पाया पडला आणि त्याला डोलीत बसवून घेऊन आला. म्हाताऱ्याने रखवालदाराला दोन महिने शेजारी बसवून शिंगांचे आवाज ओळखायला शिकवले. पोरगा मन लावून शिकला.

मग शेठने नावाड्यांना पुन्हा बोलावले. "आता शिंगाला उत्तर मिळेल. निघा."

कोणी उठले नाही. लुमाजी म्हणाला, "आज मिळेल, शेठजी. पण उद्या तुमचं मन फिरलं तर? टेकडी तीच, घंटा तीच, हे मागंही ऐकलंय आम्ही."

शेठने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी हौसा एकटीच निघाली. काठापासून चार हातांवर थांबून तिने शिंग फुंकले. एक टोला आला. ती परत फिरली. त्याच्या दुसऱ्या दिवशी थोडी पुढे गेली. खडकापर्यंत जायला तिने तो सगळा हंगाम घेतला. पुढच्या वर्षी तिच्यामागून दोन नावा निघाल्या, त्याच्या पुढच्या वर्षी सात. टेकडीवर पहिली टोपली चौथ्या सुगीला गेली, आणि ती काठोकाठ भरलेली नव्हती.

लुमाजीने गावाने दिलेल्या लाकडांची नवी नाव केली. पण धुक्यात तो पुन्हा कधीच गेला नाही. मरेपर्यंत तो ऊन यायची वाट बघत राहिला आणि त्याला कोणी आग्रहही केला नाही.

पुढे शेठकडे आठव्या तळ्याची घंटा विकायला आली. मोल ठरवण्याआधी तो तिथल्या एका नावाड्याच्या नावेत महिनाभर धुक्यात बसून आला, असे सांगतात.

बोध : धंदा विकत घेता येतो, पण त्यावर लोकांनी ठेवलेला विश्वास विकत मिळत नाही, नव्या धन्याला तो पहिल्यापासून स्वतः कमवावा लागतो.