परसरामाला बिब्बा उतत नाही

"...मग चादर माझ्या अंगावर नाही, तर कुणाच्या अंगावर पडणार, बाबा?"

केशरगिर बाबा अंगणात बसून बिब्बे फोडत होते, आणि त्यांचा डावा डोळा सुजून पार मिटला होता.

विचारणारा परसराम. बाबांचा पट्टशिष्य. म्हणजे असं त्याचं स्वतःचं म्हणणं.

उद्या पुनव. मठाच्या गादीची भगवी चादर दोरीवर उन्हाला टाकलेली. उद्या ती ज्याच्या खांद्यावर पडेल, तो मठाचा धनी. पण कुणाच्या खांद्यावर, हे बाबांनी अजून तोंडातून काढलं नव्हतं. बाबांचं तोंड सुजलं होतं हे खरं, पण नाव घेता येणार नाही इतकं काही सुजलं नव्हतं.

हा मठ अजिंठ्याच्या डोंगरात, बिब्ब्याच्या जुनाट राईत. झाडं मठाच्याही आधीची. खोडं अशी जाड, की दोघांनी मिळून कवेत घ्यावीत. पण घेणार कोण? बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की उततं. आधी खाज, मग लाली, मग फोड, आणि मग माणसाला आपण आयुष्यात कुणाकुणाचं वाईट केलं ते आठवायला लागतं.

हाच बिब्बा राखेत घोळून दगडावर फोडला, की आतून पांढरी गोडंबी निघते. बदामासारखी. गोडंबीचा लाडू म्हणजे बाळंतिणीची ताकद. मठाची रीतच होती तशी. हिवाळ्यात बिब्बे वेचायचे, फोडायचे, लाडू वळायचे, आणि आसपासच्या गावातली जी बाळंतीण दारात येईल, तिच्या पदरात घालायचे. कुणाची कोण, ते विचारायचं नाही.

झाडाखाली जाताना म्हणायचं, "मामा, भाचा आलाय." मामा भाच्याला त्रास देत नाही, अशी समजूत. केशरगिर बाबा जन्मभर हे म्हणत आले, आणि मामा जन्मभर त्यांना सुजवत आला. दर हिवाळ्यात बाबांचं तोंड भोपळ्यासारखं व्हायचं. खोबरेल चोपडून ते पुन्हा राईत जायचे. गावातले लोक म्हणायचे, बाबांचं आणि मामाचं काहीतरी जुनं भांडण असणार.

परसरामाला मात्र बिब्बा उतत नव्हता.

कधीच उतला नाही. सुरुवातीला त्याला वाटलं, नशीब. मग वाटलं, पुण्य. पुढं पुढं तर त्याची खात्रीच पटली, की देह आपल्याला विचारल्याशिवाय काही करत नाही. मग त्यानं हाताला राख लावणं सोडलं. मामा म्हणणंही सोडलं. आल्यागेल्याला तो राई दाखवायचा, कुठल्या झाडानं किती पिढ्या बघितल्या ते सांगायचा, खोडाला गाल लावून डोळे मिटायचा. आणि शेवटी सगळ्यांसमोर ओला बिब्बा उघड्या बोटांत चिरडायचा. काळं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं. माणसं हात जोडायची.

एकानं तर त्याला विचारलं, की शेतात बोअर कुठं मारू? परसरामानं जागा दाखवली. पाणी लागलं नाही. पण ती त्या माणसाच्या श्रद्धेची चूक ठरली.

तर आज तो हे सगळं बाबांपुढं मांडत होता. तुम्ही आता थकलात म्हणाला. एवढ्या वर्षांत झाडाला तुमची ओळख पटली नाही, माझी पहिल्याच दिवशी पटली. लोक कुणाला बघायला डोंगर चढून येतात, ते तुम्हालाही माहीत आहे म्हणाला.

टक्. बाबांनी एक बिब्बा फोडला. टक्. आणखी एक.

मग सुजलेल्या ओठांतून त्यांनी विचारलं, "बाहेरून उतत नाही, ते दिसलं. आतून?"

परसराम याच प्रश्नाची वाट बघत होता. तो सरकून पुढं आला.

गेल्या बाजाराच्या दिवशी लाडू वाटायला तोच बसला होता. बाळंतिणींची रांग होती. रांगेतून एक कोवळी पोरगी पुढं आली, खांद्यावर लेकरू, पदर पसरलेला. म्हणाली, मी हिवऱ्याची, यमुनेची लेक.

यमुना म्हणजे परसरामाची बायको. जिला सोडून तो मठात आला, ती. म्हणजे पोरगी त्याचीच.

"मग?"

मग काय, परसराम म्हणाला. सगळ्यांना दिले तेवढेच लाडू तिला दिले. एक जास्त नाही की एक कमी नाही. ती पुढं सरकेना, तेव्हा तो तिला म्हणाला, माय, आम्हाला सगळ्याच लेकी सारख्या. मागच्या बायका वा वा म्हणाल्या. पोरगी जराशी उभी राहिली. मग पदराला गाठ मारून बाजूला झाली.

"इथं," परसरामानं छातीवर हात ठेवला, "इथं पानसुद्धा हललं नाही, बाबा."

बाबांच्या हातातला दगड थांबला.

"नाव काय तिचं?"

"माहीत नाही. बारशाच्या आधीच घर सोडलं मी. नाव ठेवलं की माणूस अडकतो."

बाबा उघड्या डोळ्यानं त्याच्याकडं बघत राहिले. मग गुडघ्यावर हात रेटून उठले, दोरीपाशी गेले. चादर ओढून घेतली आणि झटकली.

जिथं पान हलत नव्हतं, त्या छातीत आता धडधड सुरू झाली. परसरामानं डोळे मिटले, मान खाली घातली, खांदे थोडे पसरून दिले. चादर नीट बसावी म्हणून.

पावलं जवळ आली.

जवळून पुढं गेली.

त्यानं डोळे उघडले. अंगणाच्या कडेला, सगळ्यात जुन्या बिब्ब्याखाली मठाची शेळी पाय दुमडून बसली होती. बाबांनी चादर तिच्या पाठीवर टाकली. एक पदर मानेमागून नीट घेतला. दोन पावलं मागं सरून बघितलं, पुन्हा एकदा सारखा केला. मग वाकून तिच्या पुढच्या पायाला हात लावला. शेळीनं पाय आखडून घेतला.

"बाबा," परसराम म्हणाला, "ती शेळी आहे."

"हो."

"गादीची चादर शेळीवर टाकलीत तुम्ही."

"तिलाही उतत नाही."

शेळीनं चादरीचा काठ तोंडात घेतला.

"याच झाडाचा पाला खाते," बाबा परत येऊन बसत म्हणाले. "याच खोडाला अंग घासते. खाज नाही, फोड नाही. अन् आतलं विचारशील, तर तिचं करडू विकलं आपण मागच्या उन्हाळ्यात. दारातून ओरडत गेलं बिचारं. हिनं मान वर केली नाही."

बाबांनी पुढचा बिब्बा राखेत घोळला.

"तुझ्याहून चार पावलं पुढंच आहे ती. तिनं हे कुणाला येऊन सांगितलं नाही."

परसराम उठून उभा राहिला. मग त्याच्या तोंडाला जे आलं ते तो बोलला. म्हातारपणी तुमची अक्कल गेली म्हणाला. उद्या सगळं गाव अंगणात जमेल आणि मठाचं हसं होईल म्हणाला.

बाबांना ते पटल्यासारखं दिसलं नाही. एक दिवस हसतील, म्हणाले, मग तिच्याही पाया पडतील. बोअर कुठं मारू ते विचारतील. ती जिथं लेंड्या टाकेल, तिथं मारतील.

मग परसरामानं विचारलं, की जन्मभर तोंड सुजवून तुम्ही काय मिळवलंत? बाबांनी गालाला खोबरेल लावलं. गाल दुखला, तसे ते कळवळले.

शेळी चादर चावत होती. सावकाश, काही घाई नसल्यासारखी.

परसराम बघत राहिला. ती चघळत होती आणि तिचे डोळे समोर कुठंतरी लागले होते. त्या डोळ्यांत राई होती, अंगण होतं, तोही होता. आणि काहीच नव्हतं.

तो खाली बसला.

त्याला तो बाजाराचा दिवस आठवायचा होता. पदर आठवला, विटलेला, एका टोकाला फाटलेला. लाडू टाकले तेव्हा पदर ओझ्यानं खाली झुकला, ते आठवलं. कुंचीत गुंडाळलेल्या लेकराचा एक पाय बाहेर आला होता, तो आठवला. तोंड आठवेना. तिच्या तोंडाकडं त्यानं बघितलंच नव्हतं. मागचे लोक आपल्याकडं बघतायत का, ते तो बघत होता.

मनातल्या मनात तिला हाक मारावी म्हटलं, तर हाक मारायला काही नव्हतं.

त्यानं आपले हात उलटसुलट करून बघितले. स्वच्छ. एक डाग नाही, एक फोड नाही.

"बाबा..."

"बोल."

"त्या दिवशी ती तुमच्यापाशी आली होती का?"

"आली होती. पाया पडली. लेकरू मांडीवर दिलं माझ्या. माझं तोंड बघून रडलं ते."

"लेकरू?"

"लेकरू. ती नाही रडली."

टक्.

"नाव सांगितलं का तिनं?"

"सांगितलं."

परसराम गुडघ्यांवर पुढं सरकला. कानमंत्र घेताना शिष्य जसा कान नेतो, तसा त्यानं आपला कान बाबांच्या सुजलेल्या तोंडापाशी नेला.

"काय नाव, बाबा?"

बाबांनी नवा बिब्बा घेतला, राखेत घोळला, दगडावर ठेवला. फोडला. तेलाचा थेंब उडून मनगटावर पडला. तोंडातून हाय निघाली. त्यांनी राखेची चिमूट त्यावर दाबून धरली.

"त्यानं विचारलं तरी सांगू नका, म्हणाली."