येसाआत्याची ओटी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीनंतर ओढ्याला पाणी असतं, हे वाकसवाडीला ठाऊकच नव्हतं तेव्हाची. गाव डोंगराच्या उतरणीवर आणि पायथ्याला, ओढ्याकाठी, भैरोबाचं देऊळ. गावाचा एक रिवाज होता. नांगर धरायचा तो देवाकडे तोंड करून. डोंगराकडून निघालेलं नांगराचं प्रत्येक तास देवळाच्या रोखानं सरळ खाली उतरायचं. आडवं नांगरलं तर देवाकडून तोंड फिरवलं असं होतं, असं जुनी माणसं सांगायची, आणि जुन्या माणसांना उलट विचारणार कोण?

या गावात येसाआत्या राहायची. तरुणपणीच नवरा गेला, सासरचं दार बंद झालं आणि ती माहेरी परतली. भावानं, रखमाजीनं, तिला माळाची एक पट्टी कसायला दिली होती. लहानपणी याच रानात ती बापामागे चालायची, तेव्हा पाय घोट्यापर्यंत मऊ मातीत जायचे. काय दिवस होते ते! आता त्याच जागी पायाला खडे टोचायचे. माती गेली कुठं, हा प्रश्न गावात कुणालाच पडला नाही. आत्याला पडला आणि तो तिला धड जेवू देईना.

एकदा तिनं पाण्याचा तांब्या रानात नेला आणि तासात ओतला. पाणी घसरत खाली गेलं, ते जाताना तांबडं होऊन गेलं. मग तिनं टाचेनं एक आडवी रेघ ओढली आणि पुन्हा पाणी ओतलं. पाणी रेघेशी थबकलं, घटकाभर थांबलं आणि तिथंच जिरलं. आत्या एकटीच खुदकन हसली. दुसऱ्या दिवशी तिनं बैल आडवे घातले आणि उतारावर दगडांचे बांध रचायला घेतले.

गाव खवळलं. संताजी पाटलांनी तिला चावडीवर बोलावलं.

"येसाबाई, देवाकडनं तोंड फिरवलंस. आजवर असं कुणी केलं न्हाई."

"पाटील, तुमी देवाकडं तोंड करून नांगरता आणि रानातली समदी माती त्याच्याच तोंडात घालता," आत्या म्हणाली. "त्याला ते आवडतंय का, कुणी इचारलंय?"

मागं बसलेले दोघंतिघं हसले आणि पाटलांनी बघताच खोकायला लागले. शेवटी ठरलं ते असं. दसऱ्यापर्यंत देवाचा कोप दिसला, तर येसानं माहेर सोडून जायचं. रखमाजी मान खाली घालून बसला होता. तो एक शब्द बोलला नाही, आणि आत्याच्या मनाला लागलं ते तेवढंच. माहेर सुटलं तर तिनं जायचं कुठं? तरी तिनं बैल काही वळवले नाहीत.

हस्ताचा पाऊस आला तो तीन दिवस थांबलाच नाही. माणसं घराबाहेर पडेनात. आत्या मात्र डोक्यावर घोंगडं घेऊन रानात उभी. बांध फुटेल तिथं दगड लावायची, दगड सरले की मातीचे गोळे रचायची. असं म्हणतात, की एका जागी काहीच टिकेना, तेव्हा ती स्वतःच तिथं आडवी झोपली आणि पाणी तिला ओलांडून गेलं नाही.

चौथ्या सकाळी गाव बाहेर आलं. रानं धुऊन निघाली होती, उभी बाजरी वाहून गेली होती. खाली देऊळ गाळात बुडालं होतं, नुसता कळस वर. "देव कोपला! हिच्यामुळंच कोपला!" म्हणत माणसं माळाकडे धावली. बघतात तो आत्याच्या पट्टीतली बाजरी जागच्या जागी उभी, आणि ती बांधावर बसून पायातले काटे काढतेय. धावत आलेली माणसं बांधापाशीच थांबली.

आत्या उठली, ओढ्यावर गेली आणि हातानं गाळ उपसू लागली. मग सगळेच उपसू लागले. देवाचे डोळे दिसले तशी ती म्हणाली, "देव कोपला न्हाई रं. तुमची माती पळून चालली हुती, ती त्यानं धरून ठिवलीया. ज्यानं त्यानं आपापली घिऊन जा."

पण कुणाची कुठली, हे कसं कळावं? असं म्हणतात, की आत्यानं डोळे मिटले, एकेक मूठ नाकाशी धरली आणि सांगत गेली, "ही नामा वाघमोड्याची, हिला हुलग्याचा वास हाय. ही पाटलांची वरल्या अंगाची." एकही मूठ चुकली नाही म्हणे.

भावाची माती आली तेव्हा मात्र तिचा आवाज थांबला. तेवढ्यात भावजय गोदा पुढं झाली. नवरा गेल्यापासून वीस वर्षांत आत्याची ओटी कुणी भरली नव्हती, विधवेची भरत नसत. गोदानं गाळाची ओंजळ भरून घेतली आणि सगळ्या गावादेखत म्हणाली, "वन्सं, वटी धरा."

आत्यानं पदर पसरला. रखमाजी दुसरीकडं तोंड करून ढसाढसा रडत होता.

पुढं पंचक्रोशीतली माणसं तिला रान दाखवायला न्यायची. तिनं कधी कुणाला 'बांध घाल' म्हटलं नाही. तांब्याभर पाणी मागायची, उतारावर ओतायची आणि म्हणायची, "कुटं चाललंय बघ." बघून झालं की माणूस आपणहून दगड उचलायचा.

आत्याला जाऊन किती पिढ्या झाल्या, कोण मोजणार? ओढा आता उन्हाळ्यातही वाहतो. देऊळ पायथ्यालाच आहे आणि नांगराची तासं त्याच्यासमोरून आडवी जातात. वैशाख सरता सरता वाकसवाडीच्या लेकी माहेरी येतात आणि भावजया ओढ्यातल्या गाळानं त्यांची ओटी भरतात. कुंकू असो वा नसो, एकही लेक वगळत नाहीत. लेकी ती ओटी भावाच्या बांधावर रिती करतात. तेव्हा भावजय विचारते, "माती कुणाची?"

आणि लेक म्हणते, "माझ्या माहेरची."