कोरा पट

एका राज्यात, सात डोंगरांच्या ओंजळीत, एक निवांत गाव होतं. सारंगधर चितारी त्याच गावचा. राजा वीरकेतूची राणी वारली, तेव्हापासून राजाच्या डोळ्याला डोळा लागेना. त्याने चिताऱ्याला आज्ञा केली, "तुझ्या गावाचं चित्र काढ. तेवढी तरी शांतता माझ्या महालात येऊ दे."

कुंचला मात्र दरबारच्या मांत्रिकाने मंतरून दिला. भोळा सारंगधर सकाळी घरातून निघाला, समोरच्या टेकडीवर बसला. त्याने शेवटचा फटकारा मारला मात्र, खोऱ्यातलं गाव नाहीसं झालं. घरं, गुरं, माणसं, सगळी चित्रात गेली. चुलीचा धूर छपरावर थबकला. अंगणात त्याची बायको मालवी हातात सूप घेऊन उभी होती, पापणी न लववता. राजाच्या शिपायांनी चित्र उचलून नेलं.

सारंगधर ओसाड खोऱ्यात धाय मोकलून रडला. तेव्हा बोरीवरचा भारद्वाज बोलला, "तीन पाण्यांनी चित्र धू. एक शिखरावरचं, एक पाताळविहिरीतलं, एक राजाच्या डोळ्यातलं."

शिखरावरच्या यक्षाने पाण्याच्या बदल्यात तारुण्य मागितलं. सारंगधराने दिलं. केस पिकले, पाठ वाकली. विहिरीतल्या नागाने बोटांतली कला मागितली. तीही दिली. मग काठी टेकीत तो महालात आला.

राजा चित्रापुढे बसला होता. "हे पाहिलं की मला झोप येते, चितारी. हे धुतलंस तर माझ्याजवळ काय उरेल?"

"महाराज, अंगणात उभी आहे ती माझी बायको. तुमची राणी परत येणार नाही. माझी येईल."

राजाने चित्रातल्या माणसांकडे प्रथमच पाहिलं. बराच वेळ पाहिलं. राणी गेली तेव्हा न आलेलं रडू त्याला आता आलं.

तिन्ही पाणी लागताच पट कोरा झाला. राजाने मांत्रिकाला देशोधडीला लावलं, आणि त्या कोऱ्या पटापुढे तो एकटाच बसून राहिला.

सारंगधर खोऱ्यात पोचला तेव्हा गुरं हंबरत होती. मालवी धान्य पाखडत होती.

"आजोबा, कुणाकडे आलात?"

"मालवी," तो म्हणाला.

आवाज ओळखीचा, माणूस अनोळखी. तिच्या हातातलं सूप गळून पडलं.

"सकाळीच तर गेलात," ती म्हणाली, "आणि हे काय होऊन आलात?"

तिने त्याच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला, आणि पाय धुवायला पाणी आणते म्हणून आत गेली. पाणी आणायला तिला फार वेळ लागला.