जळणातलं विमान

एका गावात एक सुतार राहत होता. हाताचा असा कसबी, की त्यानं बसवलेल्या दाराच्या फटीतून मुंगीलाही अंग चोरून जावं लागे. पण त्याला एक खोड होती. काम झाल्यावर उरलेला लाकडाचा तुकडा तो कधी टाकत नसे, आणि कधी वापरतही नसे. पडवी भरली, माळा भरला, शेवटी बायकोच्या धान्याच्या कणग्या सरकवून तिथंही फळकुटं रचली गेली. कुणी काही म्हटलं की उत्तर ठरलेलं, "लागेल कधीतरी."

बायको अगदी वैतागून गेली होती. साऱ्या गावाला चौरंग करून देणाऱ्या या माणसाच्या घरात पोळपाटाचा एक पाय बारा वर्षांपासून तुटलेला! त्याखाली खापरीचा तुकडा सरकवून ती पोळ्या लाटायची, आणि पोळपाट आपला टक् टक् करत डुगडुगायचा.

"अहो, एवढ्या ढिगात एक पाय निघत नाही?"

"अगं, पोळपाटाच्या पायापायी चांगलं शिसव वाया घालवू?"

ती लाटणं जरा जास्तच आपटायची, एवढंच.

एका उन्हाळ्यात त्यांची आठ वर्षांची नात सुट्टीला आली. गावावरून रोज सकाळी एक विमान जायचं. ती अंगणात उभी राहून मान दुखेपर्यंत बघायची. एकदा म्हणाली, "आजोबा, मला या तुकड्यांचं विमान करून द्याल? मी मैत्रिणींना सांगून आलेय, माझे आजोबा लाकडाचं काहीही करतात."

"हात्तिच्या! दोन दिवसांचं काम," सुतार खूश होऊन म्हणाला.

नातीनं लगेच एक फळकूट उचललं. "हे पंखांना?"

"छे, छे! त्याचा पाळण्यावरचा मोर होईल."

"मग हे?"

"ठेव बाई ते खाली. ते देवीच्या पालखीचं."

"पालखी तर तीन वर्षांपूर्वीच झाली," चुलीपुढून बायको ओरडली. "शेजारच्या गावच्या सुतारानं केली!"

"मग पुढच्या पालखीला होईल," सुतार शांतपणे म्हणाला.

माळ्यावर फडक्यात गुंडाळलेली शिवणीची एक फळी होती. हलकी, पांढुरकी, खेळण्यांना याहून चांगलं लाकूड नाही. नातीनं तिच्याकडे बोट दाखवलं, तर सुतार म्हणाला, "ती मोठ्या कामासाठी राखलीय."

"कुठल्या?"

"अजून आलेलं नाही."

असे दोन दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. पोर रोज विचारायची तोवर बायको नुसती चिडत होती. पण पोरीनं विचारायचंच सोडून दिलं, तेव्हा मात्र आजीला राहवेना. दुसऱ्या दिवशी बाप तिला न्यायला येणार होता.

आजीनं कोयता घेतला आणि नातीला हाक मारली. चुलीजवळच्या जळणातून त्यांनी बाभळीचा एक दांडका काढला, ते झालं धड. दोन ढलप्यांचे पंख, आणि नाकाला तुटक्या लाटण्याचं टोक. एक पंख लांब झाला, शेपूट वाकडं बसलं. पण पोर ते डोक्यावर धरून अंगणभर अशी धावली, की आजीला हसताहसता धाप लागली.

सकाळी सुतारानं ते पाहिलं आणि त्याचा जीव खालीवर झाला. "याला विमान म्हणतात? ठेव ते! आता मी करतो खरं विमान!"

तो तरातरा माळ्यावर चढला. शिवणीची फळी खाली आणली, फडकं सोडलं. वरून फळी जशीच्या तशी दिसत होती. त्यानं करवत टेकवली मात्र, आणि ती मातीच्या ढेकळासारखी फुटली. आत सगळी वाळवी! त्यानं घाईघाईनं मोराचा तुकडा ओढला, मग पालखीचा. सगळे पोकळ. बायकोच्या ओठांवर शंभर बोलणी आली होती, पण त्याच्या हातातला तो भुगा पाहून तिनं ती गिळली.

तेवढ्यात बाप दारात आला. "अरे वा, विमान! आजोबांनी केलं?"

"नाही, मी आणि आजीनं," पोर म्हणाली. "आजोबांना अजून चांगलं लाकूड नाही मिळालं."

टोमणा मारायचं तिच्या मनातही नव्हतं. म्हणूनच सुताराला मान वर करवेना. ती वाकडं विमान छातीशी धरून गेली, आणि तो वळणापर्यंत बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी बायको पोळ्या लाटायला बसली. पहिली पोळी झाली, दुसरी झाली, तरी टक् टक् नाही. तिनं पोळपाट उलटा करून पाहिला. शिसवाचा नवा कोरा पाय! वाळवीतून वाचलेला तेवढा एकच तुकडा होता.

"अहो," ती म्हणाली, "चांगलं शिसव वाया घालवलंत की!"

सुतारानं पानावर बसून ताट पुढं केलं.

तात्पर्य: मोठ्या कामासाठी म्हणून जे राखून ठेवावं, ते वाळवीच्या कामी येतं, दारात आलेलं काम हेच मोठं काम.